पाना खालून धरायचा

आपण पडलो ते स्वतःच्या चुकीने नाही, हे दादा इस्पितळात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता. आलेला माणूस फळांची पिशवी खाली ठेवायच्या आत त्याचं सुरू व्हायचं, "अहो, खुंटी उपटून हातात आली. त्याला मी काय करणार?"

झालं होतंही तसंच. दुपारचा भरपूर वारा होता, शीड तट्ट फुगलं होतं, आणि दादा शिडाचा दोर उजव्या बाजूच्या खुंटीला आवळत होता. होडीच्या डेकवर दोर गुंडाळायला दोन शिंगांच्या पितळी खुंट्या असतात, त्यातली ती एक. तिने एकदम डेक सोडला. दादा मागच्या मागे बाकाच्या कडेवर आपटला आणि खुब्याचं हाड मोडलं. शेजारून चाललेल्या होडीवाल्यांनी त्याला आणि म्हातारीला दोराने ओढत धक्क्याला आणून लावलं.

म्हातारी म्हणजे ती होडीच. तिला रीतसर नाव होतं, मागच्या बाजूला ठसठशीत रंगवलेलं, पण घरात ते कोणी घेत नसे. दादाच्या वडिलांनी, अप्पांनी, ती घेतली तेव्हाच ती कोणाची तरी जुनी होती. तेव्हापासून ती म्हातारीच.

"आता ती विकायची," वहिनीने इस्पितळाच्या खाटेशीच निकाल देऊन टाकला. वहिनी म्हणजे दादाची बायको. पाण्यावर पाऊल टाकलं की तिच्या पोटात ढवळायचं, त्यामुळे लग्न झाल्यापासून ती होडीवर गेली असेल ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा. ती म्हणायची, "मी सासरी आले तेव्हा सासू नव्हती, सासरेही नव्हते. सवत मात्र होती." सुट्टीचा दिवस आला की नवरा सवतीकडे. त्याचे कपडे धुवायचे ते हिने, आणि त्यातून तेल, रंग, खारं पाणी काढायचं तेही हिनेच.

दादा छताकडे बघत म्हणाला, "विकायची तर धड करून विकू. मोडक्या खुंट्यांची होडी कोणाच्या गळ्यात मारायची नाही. अप्पांना चाललं नसतं."

अप्पांचं नाव निघालं की त्या घरात वाद संपत असे. वहिनीने अप्पांना कधी पाहिलं नव्हतं. ती या घरात आली त्याआधीच ते गेले होते. पण ऐकलं मात्र रोज होतं. फडताळाचं दार डुगडुगलं की अप्पा असते तर त्यांनी कसं बसवलं असतं. उशीच्या अभ्र्याला टाका घालायचा राहिला की अप्पांनी आयुष्यात अर्धवट काम कसं केलं नाही. कधी न पाहिलेल्या माणसाशी तुलना होण्याची तिला इतकी सवय झाली होती की तिला आता रागही येत नसे. अप्पा म्हणजे घरातलं एक जुनं घड्याळ असावं तसं, टोल पडले की ऐकायचे.

दादाची शुश्रूषा करायला त्याची धाकटी बहीण आली. ती चिंगी. लहानपणी काडीसारखी होती म्हणून अप्पांनी हे नाव ठेवलं. आता साठीला टेकली होती, नातवंडांची आजी झाली होती, आणि नाव सोडलं तर तिच्यात चिंगीपणाचं काही उरलं नव्हतं. दारातून आत आली तेव्हा वहिनी म्हणाली, "या वन्सं, दार लहान पडतंय का?" चिंगी म्हणाली, "दार ठीक आहे गं, तुझं मन मोठं ठेव." आणि दोघी हसत सुटल्या. नणंद-भावजयींचं असं चांगलं जमायचं. नाही जमलं तर दादाच्या विरोधात तरी जमायचंच.

दादा वॉकर घेऊन चालायला लागल्यावर एका सकाळी तिघं जहाजी सामानाच्या दुकानात गेली. दादाने पिशवीतून ती उपटलेली खुंटी काढून फळीवर ठेवली. दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला, खुंटी उलटीसुलटी केली.

"ही आता कुठे मिळायची? बनवणारे गेले. वापरणारेही बहुतेक..." एवढ्यात त्याचं लक्ष वॉकरकडे गेलं आणि त्याने जीभ चावली. "म्हणजे, स्टीलमध्ये दाखवतो ना."

स्टीलच्या खुंट्या झकास होत्या, पण त्यांची भोकं जुन्या भोकांशी जुळत नव्हती. म्हणजे जुन्या भोकांत लाकडाच्या गुल्ल्या डिंक लावून ठोकायच्या, वरून घासून सपाट करायच्या आणि नवी भोकं पाडायची. नुसत्या खुंट्याच नव्हत्या. दोर ओढायच्या विंचचे दात झिजले होते, कप्प्या फिरताना रडत होत्या, कठड्याचे खांब हलत होते. दादा एकेक वस्तू मागत गेला आणि चिंगी ती हातात घेऊन तिचं वजन बघत राहिली. वहिनीच्या ते लक्षात आलं. भाजी निवडताना सुद्धा चिंगी इतकी मन लावून बघत नसे.

"कामाला माणूस बघायला हवा," दादा म्हणाला.

"माणूस कशाला?" चिंगी म्हणाली. "मी आहे की."

"तू?"

"का? अप्पांबरोबर दर वर्षी कोण करायचं? तू? तू सुकाणू धरून पोज घ्यायचास."

दादाने दुकानदाराला बिल करायला सांगितलं, कारण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर घडीची खुर्ची टाकून दादा बसला, आणि चिंगी पदर खोचून होडीत उतरली. होडीने किंचित मान लववली. "ओळखलं बघ तिने," चिंगी म्हणाली. तिने डेकवरून हात फिरवला, डोलकाठीला थोपटलं, मग पुढच्या टोकाला जाऊन उगाचच उभी राहिली. वाऱ्याने तिचे पांढरे केस तोंडावर येत होते, ते तिने मागे केले नाहीत.

काम सुरू झालं आणि पहिल्याच बोल्टाला अडलं. डेकवरचा बोल्ट वरून फिरवायचा तर खाली, होडीच्या पोटात, कोणीतरी नटावर पाना घट्ट धरून बसावं लागतं. नाहीतर नट बोल्टाबरोबर फिरत राहतो, हलत मात्र काही नाही. पूर्वी ते काम चिंगीचं होतं. अंगाने काडी, त्यामुळे डेकखालच्या सांदीत ती सहज सरपटत जायची. आता चिंगीने आत डोकं घातलं, एक खांदा घातला, आणि तिथेच तिची गाडी थांबली.

"मागे ये, मागे ये," दादा धक्क्यावरून ओरडला. "बूच बसेल!"

बाहेर येऊन चिंगीने वहिनीकडे पाहिलं. दादानेही पाहिलं. वहिनी अजून काटकुळीच होती.

"माझ्याकडे काय बघता? मला इथे धक्क्यावर उभं राहून मळमळतंय."

"वहिनी, होडी बांधलेली आहे. हलत नाही."

"ती हलते. तुम्हाला दिसत नाही, माझ्या पोटाला दिसतं."

पण गेली. लिंबू नाकाशी धरून, तोंडाने काहीबाही पुटपुटत वहिनी सवतीच्या पोटात शिरली. आत लाकडाचा, जुन्या दोरांचा, दमट कापडाचा वास होता. पाठीवर पडून सरकायचं, डोक्याच्या वर एक वीत अंतरावर डेक. आतून बारीक फळ्यांचं अस्तर होतं, ते स्क्रू काढून सोडवावं लागलं. मग दिसले ते नट, हिरवट पडलेले, ओळीने.

"धरलास?" वरून चिंगीचा आवाज.

"धरलाय. फिरव."

पहिला बोल्ट कुरकुरत सुटला, वर गेला, आणि त्याच्या जागी एक भोक राहिलं. त्यातून उजेडाची एक काडी वहिनीच्या गालावर पडली. मग त्या भोकात चिंगीचा डोळा आला.

"आहेस का गं?"

"आहे. जाते कुठे?"

त्या दिवसापासून त्या दोघींच्या गप्पा भोकांतून चालल्या. वहिनीला नवल वाटलं ते हे की तोंड दिसत नसलं की माणूस किती बोलतं. इतकी वर्षं स्वयंपाकघरात शेजारी शेजारी उभ्या राहून त्या बोलल्या होत्या, पण ते सगळं मुलं, सुना, दुखणी-खुपणी. इथे एक जण आडवी अंधारात, दुसरी उन्हात गुडघे टेकून, मध्ये डेक.

"तुला भीती नाही वाटायची गं लहानपणी? उंदराच्या बिळात शिरल्यासारखं वाटतंय."

"वाटायची ना. म्हणून अप्पा वरून सारखे बोलत राहायचे. पाढे विचारायचे. सतराचा पाढा आला की मी अडायचे, आणि विचार करता करता हातातला पाना ढिला पडायचा. मग ते बोटाच्या पेराने डेकवर एकदा वाजवायचे. एक टकटक म्हणजे धर. दोन म्हणजे सोड." तिने वाजवून दाखवलं. लाकडातून तो आवाज वहिनीच्या कपाळात शिरला. "सतराचा पाढा मला अजून येत नाही."

"आणि मग लग्नानंतर का आली नाहीस कधी होडीवर? माहेरी तर यायचीस."

वर थोडा वेळ नुसता घासकागदाचा आवाज. मग चिंगी म्हणाली, "माहेरी यायचे ती पाहुणी होऊन. पाहुणीच्या हातात पाना कोण देतं? चहाचा कप देतात. एकदा अप्पांनी आपणहून विचारलं होतं, येतेस का खाली म्हणून. पण बरोबर सासरची माणसं होती, मी नवी साडी नेसले होते. म्हटलं, पुढच्या वेळी. पुढच्या वेळी अप्पाच नव्हते."

वहिनीने पान्यानेच डेकला खालून एकदा टकटक केली.

धक्क्यावर दादाचं वेगळंच चाललं होतं. निघालेली एकेक वस्तू चिंगी त्याच्याकडे द्यायची, आणि तो ती मांडीवरच्या फडक्यात ठेवून चोळत बसायचा. "ही मागची कडी. आठवतं? त्या वादळी दुपारी अप्पांनी आपल्या दोघांना या कडीला कमरेने बांधलं होतं. तू रडत होतीस."

"तू रडत होतास. मी ओकत होते."

"ही कप्पी अप्पा तेलात रात्रभर बुडवून ठेवायचे. मग सकाळी नुसती फुंकर मारली तरी फिरायची." तो फुंकर मारायचा, कप्पी ढिम्म. टाकायला मात्र काहीच देत नव्हता. खुर्चीखाली जुन्या सामानाचा ढीग वाढत होता आणि वहिनी विचारत होती, विकायची होडी आहे का घरी न्यायची, तुकड्या-तुकड्याने?

डावी बाजू व्यवस्थित झाली. गुल्ल्या ठोकल्या, घासल्या, नव्या खुंट्या, नवे बोल्ट, खाली नवे जाड वायसर. चिंगीने शेवटचा बोल्ट आवळून खुंटीला दोन्ही हातांनी हिसका दिला तेव्हा होडी हलली, खुंटी नाही.

मग उजवी बाजू. वहिनी आता सरावली होती. लिंबू नुसतं खिशात ठेवून जात होती. तिने अस्तराची फळी काढली आणि बॅटरीचा झोत टाकला.

"चिंगी, इथे नट नाही."

"नीट बघ. फळीआड असेल."

"फळी माझ्या पोटावर आहे. नट नाही म्हणजे नाही. नुसतं एक टोक बाहेर आलंय, दातकोरण्याएवढं."

चिंगीने वरून पेचकस लावला. अर्ध्या फेऱ्यात स्क्रू सैल झाला आणि तिने तो चिमटीत धरून उपटला. बोटभर लांबीचा, लाकडात पिळायचा साधा स्क्रू. दुसरा तसाच. तिसरा तसाच. वरून डोकी अगदी बोल्टासारखी, रंगवलेली, ऐटबाज. खाली नट नाही, वायसर नाही, काही नाही. भोवतीचं लाकूड पाणी पिऊन पिऊन भुसभुशीत झालेलं. मधल्या खुंटीची भोकं तशीच, पुढच्या कडीची तशीच. दादाला पाडणारी खुंटी याच ओळीतली.

मग खालून वहिनीचं हसू ऐकू आलं. ती हसत बाहेर आली, केसांत कोळिष्टकं, डोळ्यांत पाणी.

"हे तुमचे अप्पा! आयुष्यात अर्धवट काम न करणारे! माझ्या एका अभ्र्याला टाका नव्हता तर इतकी वर्षं... आणि हे बघा! होडी स्क्रूवर! अहो, भिंतीवर कॅलेंडर टांगताना सुद्धा मी याहून लांब खिळा ठोकते!"

चिंगीलाही हसू आलं होतं, पण तिने दादाकडे पाहिलं आणि ते मावळलं. दादाचा चेहरा उतरला होता. हातातलं फडकं तसंच.

"शक्य नाही," तो म्हणाला. "नंतर कोणीतरी केलं असेल."

"कोणी? तू कोणाला हात लावू दिलास का?"

"अप्पा स्क्रू लावणार नाहीत. तुला आठवतंय ना चिंगी? तू एकदा लावला होतास."

"आठवतंय. घाई झाली म्हणून एकच लावला होता. सगळं उलगडून पुन्हा करेपर्यंत मला जेवायला बसू दिलं नव्हतं." चिंगीच्या आवाजात आता राग होता. पन्नास वर्षांपूर्वीची भूक आत्ता लागावी तसा. "मला एका स्क्रूसाठी. आणि स्वतः सगळी बाजू!"

दादा उठला, वॉकर घेतला आणि एकटाच घराकडे चालू लागला. वहिनी मागून हाका मारत गेली, पण तो थांबला नाही. संध्याकाळी ताटावर नुसता बसला. "इस्पितळात सगळ्यांना सांगितलं," एवढंच म्हणाला, "खुंटी उपटून आली, माझी चूक नाही. मग कोणाची हे कोणी विचारलंच नाही. बरं झालं." वहिनीला आपल्या हसण्याची लाज वाटली. जुनं घड्याळ बंद पडलं होतं, आणि घर एकदम चुकल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दादा आला नाही. दोघी जणीच गेल्या. पुढच्या टोकापर्यंत सगळं उघडून बघायचं ठरलं. वहिनी आत सरपटत गेली, जिथे होडी निमुळती होते आणि कोपरंही नीट वाकत नाही तिथपर्यंत. शेवटची फळी काढली आणि बॅटरी धरली.

तिथे एक नट होता. आणि नटावर एक पाना.

तो गंजून नटाशी एकजीव झाला होता. त्याची दांडी तारेने होडीच्या आडव्या फळीला बांधलेली होती, तारेचे वेढ्यावर वेढे. शिवाय पाना घसरू नये म्हणून त्याखाली लाकडाची एक पाचर ठोकलेली. आजूबाजूच्या लाकडावर ओरखडे होते. एक-दोन नाही, कितीतरी. पाना सुटून आपटल्याच्या खुणा, एकावर एक.

वहिनी तशीच पडून त्या ओरखड्यांकडे बघत राहिली. हे काम आता तिच्या हातात बसलं होतं, त्यामुळे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. माणूस इथे आत सरपटत यायचा. पाना नटाला लावायचा, तारेने आवळायचा. मग मागे सरपटत बाहेर, शिडीने वर, डेकवर गुडघे टेकून बोल्ट फिरवायचा. खाली पाना निसटायचा, खणकन आवाज यायचा. पुन्हा खाली. पुन्हा तार. पुन्हा वर. एवढा एक बोल्ट त्याने जिद्दीने बसवला. आणि मग...

ती बाहेर आली, डेकवर चढली.

"चिंगी, उजवी बाजू अप्पांनी कधी केली?"

"शेवटच्या वर्षी. माझं लग्न झालं त्याच्या पुढच्या वर्षी."

"तेव्हा हे कुठे होते?"

"नोकरीवर. लांब. वर्षातून एकदा यायचा."

"आणि आई तर आधीच गेल्या होत्या."

"हो. का?"

"मग खाली पाना कोण धरणार होतं?"

चिंगीच्या हातातला पेचकस थांबला.

"एकट्या माणसाला बोल्ट लावता येत नाही गं," वहिनी म्हणाली. "मी आत्ता बघून आले. त्यांनी करून बघितलं. पाना बांधून ठेवून. अजून तिथेच आहे." आणि तिने हातांनी दाखवलं, तार कशी, पाचर कशी, ओरखडे किती.

चिंगी हळूहळू डेकवर खाली बसली. पेचकस तिच्या मांडीवर होता. "आणि मला चहाचा कप दिला होता त्यांनी," ती म्हणाली. "दाराशी उभं राहून विचारलं, येतेस का. मला वाटलं, गंमत करतायत."

घरी गेल्यावर वहिनीनेच दादाला सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या पान्याच्या एका तोंडाचा टवका उडालाय का?"

"हो."

"तो मी घरभर शोधला होता. अप्पा गेल्यावर त्यांची हत्यारांची पेटी लावली, त्यात तेवढा एक नव्हता. मला वाटलं, पाण्यात पडला." त्याने स्वतःच्या पेरांवरून अंगठा फिरवला. "त्या वर्षी मी आलो तेव्हा म्हातारी चकाचक होती. म्हणाले, झालं बाबा एकदाचं. हाताच्या पेरांवर खपल्या होत्या. मी विचारलं नाही. होडीवर काम करणाऱ्याच्या हाताला लागतंच."

वहिनीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. नवल असं की त्या क्षणी तिला अप्पा पहिल्यांदा दिसले. इतकी वर्षं ऐकलेले, एकही टाका न चुकणारे अप्पा नव्हेत ते. रिकाम्या घरातून सकाळी निघालेला, शिडीवरून चढ-उतर करून दमलेला, शेवटी कंटाळून स्क्रूंची पुडी उघडणारा एक म्हातारा माणूस. तो तिला आवडला. या सासऱ्याशी आपलं जमलं असतं असं तिला वाटून गेलं.

दुसऱ्या सकाळी दोघी उठायच्या आत दादा कपडे करून बसला होता.

पाना काढायचा की तसाच ठेवायचा यावर थोडी चर्चा झाली. दादाचं मन तो ठेवण्याकडे होतं. चिंगी म्हणाली, "पाना नट फिरवायला असतो दादा, दर्शन घ्यायला नाही." तिने भरपूर तेल ओतायला लावलं, वहिनीने खालून हलकेच ठोके दिले, आणि दुपारपर्यंत तो सुटला. पुढची सगळी उजवी बाजू त्यांनी त्याच पान्याने आवळली. भुसभुशीत लाकूड कोरून काढलं, नवे तुकडे बसवले, वायसर दुप्पट रुंदीचे घातले. अडलेल्या वेळी दादा खुर्चीवरून पाढे विचारायचा आणि दोघी मिळून त्याला गप्प करायच्या.

काम संपत आलं तेव्हा गिऱ्हाईक आलं. धक्क्यावरचेच एक दाताचे डॉक्टर. होडी विकायची आहे हे दादानेच त्यांना इस्पितळातून कळवलं होतं. डॉक्टरांनी खुंट्या हलवून पाहिल्या, जशा दाढा हलवून पाहतात, आणि खूष झाले. "वा! एकदम पक्क्या. चालवायला कशी आहे?"

"हट्टी," दादा म्हणाला.

"म्हणजे?"

"डावीकडे वळा म्हटलं की विचार करते. वारा पडला की झोपते. आणि आत वास येतो."

"वास तर येणारच, जुनी होडी..."

"तसा नाही. कपड्यांना लागतो. हिला विचारा." त्याने वहिनीकडे बोट केलं. "इतकी वर्षं धुते आहे."

डॉक्टरांनी वहिनीकडे पाहिलं. होडी विकायची हे इस्पितळात ठासून सांगणारी वहिनी ती हीच. ती केसांतला भुसा झटकत म्हणाली, "आणि पोटात ढवळतं. काही केलं तरी ढवळतं. तुमच्या मिसेसना विचारून घ्या आधी."

डॉक्टर विचारून सांगतो म्हणाले आणि गेले. चिंगी दोरांची गुंडाळी करत होती, तिने मान वर केली नाही. पण तिचे खांदे हसण्याने हलत होते.

एका निवांत सकाळी त्यांनी म्हातारीला बाहेर काढलं. दादाला उचलून आत घ्यायला धक्क्यावरची दोन माणसं लागली. त्याला उशा लावून बाकावर बसवलं आणि ताकीद दिली की कशालाही हात लावायचा नाही. सुकाणू चिंगीने धरलं. विंचवर वहिनी होती, दुसरं कोणी नव्हतंच.

धक्का मागे पडला. बांधलेल्या होड्यांच्या रांगेतून बाहेर येताच वारा आला, शिडाने आधी एक-दोन फटके मारले आणि मग ते भरलं. "वहिनी, ओढ!" चिंगी ओरडली, आणि वहिनीने विंचचा दांडा धरून ओढलं, पोटात ढवळत होतं, तरी ओढलं. दोर नव्या खुंटीवर गुंडाळला. खुंटी कुरकुरली नाही.

दादाच्या हातात आयुष्यात पहिल्यांदाच दोरही नव्हता आणि सुकाणूही. रिकाम्या हातांचं काय करावं हे त्याला कळेना, म्हणून त्याने ते मांडीवर ठेवले आणि बघत बसला. चिंगी डोळे बारीक करून शिडाच्या टोकाकडे बघत होती, ओठ आत दुमडून. अप्पा तसेच बघायचे. आपण कधी तसं बघितलं नाही, हे त्याच्या लक्षात आलं. आपण नेहमी पुढे, काठाकडे बघायचो, कोण आपल्याला पाहतंय ते.

"अजून थोडं वाऱ्यात घे," तो न राहवून म्हणाला.

"माहितीये," चिंगी म्हणाली, आणि तिने घेतलंच होतं.

होडी कलली, एका बाजूने पाणी डेकला चाटून गेलं. वहिनी किंचाळली, मग हसली, मग कठड्यावरून ओणवी झाली आणि सकाळचा चहा पाण्याला दिला. तोंड पुसून परत विंचशी येऊन बसली. "काही नाही," ती म्हणाली, "चालू द्या."

बऱ्याच वेळाने, परतीच्या वाटेवर, चिंगीच्या पिशवीत फोन वाजला. तिचे यजमान होते. वहिनीने फोन तिच्या कानाशी धरला, कारण चिंगी सुकाणू सोडायला तयार नव्हती. दादाचं कसं आहे, बरा आहे ना, मग आता निघणार कधी, घरी सगळे वाट बघतायत, असं ते विचारत होते. चिंगी "हो, हो" करत ऐकत होती. मग म्हणाली, "अहो, ऐका ना. तुम्हीच या इकडे. खाली सरपटत जाईल असा माणूस अजून एक लागणार आहे, डोलकाठीची पुढची कामं बाकी आहेत. वहिनी एकटी किती करणार?"

पलीकडून काय उत्तर आलं ते वाऱ्यात ऐकू आलं नाही. चिंगीने मानेनेच फोन बंद कर म्हणून खूण केली आणि होडीचं तोंड पुन्हा बाहेर, मोकळ्या पाण्याकडे वळवलं. वहिनीने दांडा हातात घेतला.